उम्म रफलचं मशीन परत आलं

उम्म रफलचं मशीन परत आलं, त्या दिवशी आमच्या इमारतीत ईद साजरी झाली. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचंच दुकान असलेल्या सिनानने तर स्वतःच्या पैशांनी सगळ्यांना चहा पाजला. हा सिनान एरवी चहावाला जिना चढताना दिसला की फोन कानाला लावतो.

उम्म रफल म्हणजे आमच्या सिनाआ रस्त्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एकुलती एक बाई. उम्म म्हणजे आई, आणि रफल ही तिची मुलगी. पोटी मुलगा नसला की लोक बाईला मनानेच एखादा मुलगा चिकटवतात आणि त्याच्या नावाने हाक मारतात. हिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, "मी रफलची आई. दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलीत तर मला ऐकू येत नाही." मला मूलबाळ नाही, म्हणून लोक मला अबू घायिब म्हणतात, म्हणजे न आलेल्याचा बाप. मला ऐकू येतं आणि मी ओ देतो. भांडायचा कंटाळा आहे मला.

माझं दुकान तिच्या दुकानाला लागून. प्रिंटरमध्ये शाई भरून देतो. मधली भिंत पातळ आहे आणि माझे कान तिखट. तिच्याकडे झालेलं बोलणं मला कळतं, आणि मला कळलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्याला कळतं. माझ्या पोटात काही राहत नाही हे मी कधी लपवलेलं नाही.

हे काम ती आमच्यावर बाहेरच्या देशांनी निर्बंध घातले होते त्या वर्षांत शिकली. तेव्हा देशात नवा स्क्रू यायचीसुद्धा मारामार होती. मेलेल्या मशीनचे अवयव काढायचे, साफ करायचे, आणि दोन-तीन मेलेल्यांमधून एक जिवंत उभं करायचं. तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवतो आणि घरी आल्यावर पानांत आणि भाज्यांत भात भरून डोलमा करतो. असल्या डोलमा आमच्या रस्त्यावरच्या एकाच्याही बायकोला जमत नाहीत. या नवराबायकोची कुजबूज करून लोक दमले, ते दोघं काही दमले नाहीत.

सुरुवातीला गिऱ्हाईक दारातून डोकावायचं आणि म्हणायचं, "ताई, कारागीर कुठे गेलाय?"

"कारागीर तुमच्यासमोर बसलाय," ती मान वर न करता म्हणायची. "मशीन आत आणा, नाहीतर दार लावा. गार हवा बाहेर चाललीय."

तिची कामाची रीत ठरलेली होती. मशीनमध्ये नवा भाग बसवायचा म्हटलं की ती आधी विचारणार, "घरी जनरेटरचे अँपिअर किती?" सरकारी वीज येते-जाते, आणि ती गेली की गल्लीतला जनरेटरवाला. महिन्याला जेवढे अँपिअर घ्याल तेवढीच वीज तो सोडतो, जास्त ओढलीत तर खटका पडतो आणि घर अंधारात. म्हणून घराची ताकद बघूनच ती भाग निवडायची. काम झालं की मशीन स्वतः चालू करून दाखवायची नाही. बटण गिऱ्हाइकाने दाबायचं, बंद करायचं, पुन्हा दाबायचं, त्याचं समाधान होईपर्यंत. मग ती हात पुसत म्हणायची, "न्या. माझं मशीन परत येत नाही."

हे एक वाक्य म्हणजे तिचं दुकान. भिंतीवर पाटी नाही, दारावर रोषणाई नाही. बाईच्या हातात आपलं मशीन द्यायचं की नाही, अशा विचारात दारात घुटमळणारा माणूस ते वाक्य ऐकून आत यायचा. ते तिने कष्टाने मिळवलं होतं आणि सिनानच्या डोळ्यांत ते कायम सलायचं.

तर गोष्ट अबू तबारकच्या मशीनची. हा माणूस रेल्वेत सिग्नलवर होता, आता निवृत्त. इस्त्रीचा शर्ट, ताठ मान, आणि बोलणं असं की पलीकडच्या फलाटावर ऐकू जावं. त्यालाही एकच मुलगी, तबारक, आणि तोही तिच्याच नावाने ओळखला जायचा. उम्म रफलला तो तेवढ्यावरूनच आवडला असावा. तबारक वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. वडील जिथे सिग्नल द्यायचे, त्या पडक्या स्टेशनाचं नवं रूप ती कॉम्प्युटरवर उभं करत होती. पण स्टेशन एवढं मोठं झालं होतं की पडद्यावर ते जरा फिरवायला गेलं की जुनं ग्राफिक्स कार्ड गळपटायचं. परीक्षक बघायला येणार होते, त्याला फार दिवस उरले नव्हते.

"चांगलं कार्ड बसवा," अबू तबारक म्हणाला. "हलकं नको."

"घरी अँपिअर किती?"

"पाच," तो छाती काढून म्हणाला. हे भिंतीपलीकडून मी माझ्या कानांनी ऐकलंय.

उम्म रफलने कार्ड बसवलं, मेमरी वाढवली. तबारकने स्वतः बटण दाबलं, स्टेशन पडद्यावर भिंगरीसारखं फिरलं, पोरीने टाळ्या वाजवल्या. "न्या. माझं मशीन परत येत नाही."

दुसऱ्या दिवशी बापलेक मशीन घेऊन दारात उभे. आणि वर सिनानचा चहा.

"खाला, पंखे फिरतात," तबारक रडवेली होऊन सांगत होती, "कंपनीचं चिन्ह येतं, आणि मग सगळं काळं. मग आपोआप पुन्हा सुरू, पुन्हा काळं. रात्रभर हेच चाललंय."

उम्म रफलने वायर लावली, बटण दाबलं. मशीन आज्ञाधारक मुलासारखं चालू झालं. तिने तरी ते उघडलं, मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या, आतला नाण्याएवढा सेल काढून जुन्या नोंदी विसरायला लावल्या, कार्ड दाबून बघितलं. दिवसभर चालवलं, काही नाही. घरी पाठवलं, आणि तेच रडगाणं. मग तिने जुनं कार्ड बसवून पाठवलं. घरी ते सुरळीत चाललं! पुन्हा नवं लावलं, पुन्हा काळं.

म्हणजे दोष कार्डाचा, असं कोणीही म्हणेल. पण तेच कार्ड दुकानात सकाळपासून स्टेशन फिरवत बसायचं आणि एकदाही अडखळायचं नाही.

सिनान जिन्यावर कोपर टेकून उभा राहिला. "उम्म रफल, खरं सांगा. जुनंच कार्ड पुसून नवं म्हणून नाही ना दिलंत?"

मला वाटलं, आता स्क्रूड्रायव्हर फेकून मारणार. तिने फक्त मान वर केली. "सिनान, तुझ्याकडून परत आलेली मशीनं ठेवायला तुला वरचा मजला अपुरा पडतो. माझं एक आलंय, त्याचा पाहुणचार मला करू दे." मग भिंतीवर थाप मारली. "अबू घायिब, ऐकतोयस ना? गाडी काढ. कार्ड इथे चालतं, तिथे चालत नाही. मग बिघाड तिथे आहे."

जुलैची दुपार. माझ्या गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देत होतं, पण जायचा मोह आवरत नव्हता. उम्म रफल तोंडघशी पडली तर ते बघायला आणि नाही पडली तर तेही बघायला मला जायचंच होतं.

अबू तबारकने दारातच आमचं स्वागत केलं, "डोक्यावर, डोळ्यांवर बसा," वगैरे सगळं. बसऱ्याच्या सुक्या लिंबाचा चहा आला. उम्म रफल मात्र बसायला तयार नाही. ती थेट तबारकच्या खोलीत. खिशातून मीटर काढला आणि कॉम्प्युटरच्या सॉकेटला लावला.

आकडा बघून मीच ओठ चावला. सरकारी वीज होती, पण अशी मरतुकडी की पंखा तिच्यावर कसाबसा फिरावा. उन्हाळ्यात सगळं शहर कूलर लावून बसलं की असंच होतं.

"हे सॉकेट जनरेटरवर का नाही?" तिने विचारलं.

"मीच काढलं," अबू तबारक घाईने म्हणाला. "जनरेटरची वीज वाईट, नाजूक कार्डाला सोसत नाही, असं ऐकलं. म्हणून याला फक्त सरकारी वीज ठेवली. चांगल्या वस्तूला चांगली वीज."

"कुणाकडून ऐकलंत?"

"असंच... एकाकडून."

तिने मीटर खिशात टाकला. तेवढ्यात सरकारी वीज गेली. कोपऱ्यावरचा जनरेटर गुरगुरला आणि घरात दिवे परत आले. आम्ही पाहुणे ना! अबू तबारकचा हात सवयीने बैठकीतल्या कूलरच्या बटणाकडे गेला. पाहुण्याला घाम फुटू द्यायचा नाही, मग घरच्यांनी स्वयंपाकघरात शिजून निघालं तरी चालेल, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. कूलर घरघरला, खट्कन आवाज आला आणि सगळं घर बंद पडलं.

"पुन्हा?" स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा आवाज आला. "अहो, सांगितलं ना, फ्रिज चालू असताना..." आणि ती मधेच गप्प झाली.

अबू तबारक अंगणात धावला. मागे उम्म रफल, तिच्या मागे मी. भिंतीवरची पेटी धुळीने पिवळी पडलेली, आणि तिच्यात एक खटका पांढराशुभ्र, नवा कोरा. त्यावर तीन लिहिलं होतं.

मला कळायला थोडा वेळ लागला. तिला लागला नाही. कार्डाचे पैसे उभे करायला या माणसाने घरचे अँपिअर पाचाचे तीन करून टाकले होते. उरलेले फ्रिजला आणि त्याच्या म्हाताऱ्या आईच्या खोलीतल्या कूलरला जेमतेम पुरत होते, म्हणून कॉम्प्युटरला सरकारी विजेच्या दारात बसवलं होतं. आणि वर ही चांगल्या विजेची कहाणी. एका अर्थी ती त्यालाही खरी वाटत असणार. इस्त्री, मोटर, धुलाईचं यंत्र, अशा जास्त वीज ओढणाऱ्या जड वस्तू आम्ही सगळेच सरकारी वीज आली की लावतो. एवढं जड कार्ड, तेही त्याच रांगेत.

त्याची ताठ मान खाली गेली होती. "पोरीला ठाऊक नाही," तो अगदी हळू म्हणाला. त्याला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "तिला वाटतं मी पैसे बाजूला ठेवले होते. तिला कळलं तर ती कार्ड परत करेल. ओळखतो मी तिला."

"मी तुम्हाला काही विचारलंय का?" उम्म रफल म्हणाली. "खटका वर करा. माझा चहा गार होतोय."

मागे वळून बघतो तर तबारक दारात उभी. "काय झालं, खाला? कशामुळे होतंय कळलं का?"

अबू तबारकने खटक्यावरचा हात तसाच ठेवला. बाप असा उभा होता की मला बघवेना.

"कळलं की," उम्म रफल खणखणीत आवाजात म्हणाली. "तुझ्या मशीनचा पॉवर सप्लाय जुना आहे. नवं कार्ड खादाड, उठल्या उठल्या भरपेट मागतं. वीज जरा उतरली की हा जुना धापा टाकतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. कार्ड बसवलं तेव्हाच मी तो बदलायला हवा होता. माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी."

चहाचा पेला हातात घेऊनच मी अंगणात आलो होतो. मला ठसका लागला. पंधरा वर्षं शेजारी आहे, या बाईच्या तोंडून "चूक माझी" मी कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा ती एवढंच म्हणते की तुझं बरोबर असेल, पण माझंही बरोबर आहे.

दुकानातून निघतानाच माझ्या गाडीत टाकलेली पिशवी तिने मागवली. तिच्यात एक चांगला पॉवर सप्लाय होता, कितीही उतरलेल्या विजेवर तग धरणारा, आणि वीज गेली तर काम जपून ठेवायला थोडा वेळ देणारी एक बॅटरी. सरकारी वीज परत येईपर्यंत तिने जोडणी पुरी केली. मग तबारकला म्हणाली, "दाब."

चिन्ह आलं. आम्ही सगळे श्वास रोखून. काळं झालं नाही. स्टेशन आलं, फलाट आला, आणि फलाटाच्या टोकाला सिग्नलची उंच खोली, तिच्या खिडकीत दिवा. अबू तबारक पुढे वाकला. "खिडकी उजवीकडे होती," तो म्हणाला.

"बाबा, बदलते ना," तबारक म्हणाली आणि हसली.

"पुन्हा दाब," उम्म रफल म्हणाली. "बंद कर, दाब."

पैशांचा विषय त्याने काढताच ती उखडली. "माझी चूक, माझा भाग. तुम्ही रेल्वेत चुकीच्या गाडीचे पैसे प्रवाशाकडून घेत होतात का?"

गाडीत मी फुटलोच. "तुझी चूक कुठे होती? पाच सांगितले होते त्याने, मी ऐकलंय!"

"मलाही ऐकू येतं."

"मग आता सिनान काय म्हणेल?"

"म्हणू दे. एका मशीनने माझं नाव बुडणार नाही. त्या माणसाचं मात्र पोरीपुढे बुडालं असतं." तिने काच खाली केली. मग माझ्याकडे वळली. "आणि अबू घायिब, हे जर रस्त्यावर कळलं, तर तुझी बडबडी जीभ मी प्रिंटरमध्ये अडकवीन. शपथेने."

आता सांगा, माझ्यासारख्या माणसाला ही शिक्षा नाही तर काय? आणि चूक कबूल केल्याची बातमी तर फुटलीच. ती पोरीनेच फोडली, बिचारी कौतुकाने सांगत सुटली, "खाला एवढ्या मोठ्या मनाच्या, सरळ म्हणाल्या, चूक माझी." सिनानला तेवढंच हवं होतं. जिन्यावरून उतरताना तो रोज विचारायचा, "उम्म रफल, आज कुठलं मशीन परत येणार?" एका दवाखान्याची सगळी मशीनं तिच्याकडे येणार होती, ती वर सिनानकडे गेली. दारात घुटमळणारी माणसं तिच्या दाराऐवजी जिन्याकडे बघायला लागली. मी काउंटरवर मूग गिळून बसलो होतो आणि माझं अन्न गोड लागत नव्हतं. ती मात्र आधीसारखीच मान खाली घालून काम करायची. फक्त मशीन देताना ते वाक्य म्हणेनाशी झाली. ते मला सगळ्यांत जास्त लागलं.

आणि मग एका सकाळी अबू तबारक आला, कडक इस्त्रीच्या शर्टात, हातात क्लेच्यांचं, म्हणजे खजूर भरलेल्या बिस्किटांचं, ताट. मागे तबारक, चेहरा फुललेला. परीक्षकांना स्टेशन एवढं आवडलं होतं की त्यातल्या एकाने तिला आपल्या कार्यालयात कामाला बोलावलं होतं.

सिनान जिन्यावर होताच. "या या, परत येणाऱ्या मशीनचे मालक!"

अबू तबारक थांबला. "काय म्हणालास?"

"काही नाही, चाचा. उम्म रफलची एकच तर चूक आहे जगात, आणि ती तुमच्या घरी झाली. आम्ही जपून ठेवलीय."

म्हाताऱ्याने ताट माझ्या काउंटरवर ठेवलं. मान ताठ झाली. मी मनात म्हटलं, आता हा बोलणार. तो बोलला, आणि पलीकडच्या फलाटावर ऐकू जाईल असं बोलला. "मशीन ठणठणीत होतं! कार्ड घेण्यासाठी मी घरचे अँपिअर कमी केले होते, आणि हे मी सगळ्यांपासून लपवलं. या बाईला सगळं समजलं होतं. माझी लाज राखायला तिने चूक आपल्या अंगावर घेतली. ऐकलंत? आता परत विचार, काय जपून ठेवलंयस."

 तबारक बापाकडे बघत राहिली. 

उम्म रफल हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा लाल झाला होता. मी समजलो, आता डोळे पुसणार. कसलं काय!

"अबू तबारक, ऊन लागलं का तुम्हाला?" ती कडाडली. "काय भलतंसलतं बोलताय? पॉवर सप्लाय जुना होता. चूक माझी होती."

"नव्हती!"

"होती! मशीन कुणी उघडलं, तुम्ही की मी? मला माझ्या कामातलं शिकवू नका. मी सिग्नल द्यायला आले होते का तुमच्याकडे?"

"मी खटका स्वतः बसवला, बाई!"

"खटक्याचा काही संबंध नाही!"

सिनान एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. शेवटी वैतागून माझ्याकडे वळला. "अबू घायिब, तू होतास ना तिथे? सांग, चूक कुणाची?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतके दिवस पोटात सांभाळलेलं सगळं घशाशी आलं. उम्म रफल बघत होती, अबू तबारक बघत होता. तबारक पुढे आली, बापाचं डोकं दोन्ही हातांत धरून तिने त्याच्या कपाळावर ओठ टेकले आणि ती रडायला लागली. मी एक क्लेचा उचलून तोंडात कोंबला. "मला काय विचारता," मी म्हणालो, "मी शाई भरतो."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीला कान लावून बसलो होतो. कुणीतरी मशीन न्यायला आलं होतं. त्याने बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. मग पलीकडून तिचा आवाज आला, पूर्वीपेक्षा मोठा.

"न्या. माझं मशीन परत येत नाही. एकदाच आलं होतं, आणि ती चूक माझी होती."

अबू तबारक हल्ली सकाळी फेरफटका मारताना आमच्या रस्त्यावरून जातो. हे वाक्य कानावर पडलं की तो दारात थांबतो, आत डोकावतो आणि फलाटावरच्या आवाजात ओरडतो, "खोटं बोलतेय ती!"

आत बसलेलं गिऱ्हाईक गोंधळतं. ती त्याला म्हणते, "तिकडे लक्ष देऊ नका. बटण दाबा."